थर धरेपर्यंत

"ए, डोळे गावाला ठेवून आलास काय रे?"

सुगंधाच्या या ओरडण्यानेच ओळख झाली. मुलुंडच्या मिठागरावर धाकूचा तो पहिला दिवस. गिरणीतून कमी केलेला गडी. बांधावरून वळसा घालायचा कंटाळा, म्हणून चपलांसकट थेट वाफ्यातून निघाला. पाण्याखाली मीठ धरू लागलं होतं, त्याचा चिखल झाला. वाफा तिच्या बाबांचा. आठ दिवसांची मेहनत गेली.

"पाणीच तर आहे गो!" तो हसत म्हणाला.

"पाण्याखाली काय आहे ते बघ ना आधी!"

बघणं त्याच्या रक्तातच नव्हतं. पांढरं काही दिसलं की फावडं घालायचा, मग मिठाबरोबर माती वर यायची. शेवटी तिनेच त्याला बांधावर उकिडवं बसवलं. "थर धरेपर्यंत हात घालायचा नाही. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग!" नवरा म्हटल्यावर तिचेच कान तापले... तो मात्र मुकाट्याने पाण्याकडे बघत बसला.

हळूहळू तो शिकला. मीठ पांढरंशुभ्र निघू लागलं. सुगंधा पाट्या वाहून वाहून दमायची. मान आखडायची, टाचांच्या भेगांत मीठ चरचरायचं. एकदा तिच्या पाटीत कोकमाच्या तेलाचा गोळा सापडला, पानात गुंडाळलेला. तिने मान वळवली तर धाकू पलीकडे तोंड करून उभा! रोज रात्री ती ते तेल टाचांना लावायची आणि तो कधी बोलेल याची वाट बघायची. वाट बघण्यात तिचा हात कोण धरणार?

मे सरत आला. मिठाच्या राशी गवताने शाकारून झाल्या, शेवटचा दिवस उजाडला. दोघं बांधावर बसले होते. अंगात त्राण नव्हतं.

"आईचं पत्र इलंय," धाकू म्हणाला. "पोरगी बघून ठेवलीय म्हणते. लगेच निघून ये, म्हणते."

सुगंधा त्याच्याकडे वळली. "मग... जाणार?"

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला, थेट वाफ्याकडे बघावं तसा.

"असा काय बघतोस? बोल ना काहीतरी!"

"तूच शिकवलंस ना? घाई केली की माती येते. दोन महिने बघतोय... थर धरला की नाही, कळतच नाही गो."

तिला हसू आलं आणि रडूही. सगळं शिकवलं होतं. फार थांबलं तर पाऊस येऊन मीठ विरघळवून टाकतो, तेवढं शिकवायचं राहिलं. आणि ती तरी कुठे शिकली होती?

"थकले रे मी बघून बघून," ती म्हणाली. आता ती थांबली नाही. "मला तू हवास. धरलाय थर, कधीचा! बाबा तिकडे झोपडीत चहा घेतायत. जा, विचार त्यांना. आणि आईला पत्र टाक, पोरगी बघितली म्हणून... मुलुंडला."

धाकू ताडकन उठला. बांधावरून झोपडीपर्यंत वळसा मोठा होता. त्याने एकदाच तिकडे बघितलं आणि चपलांसकट थेट वाफ्यातून धूम ठोकली, चिखल उडवत.

या खेपेला सुगंधा ओरडली नाही.