नाडी आणि बिनपायांचा उंदीर

"झाकणावरची इस्त्री कुठे गेली?" शिट्टी एवढ्या जोरात किंचाळली, की तिचा धाकटा भाऊ लिंबू हातातल्या दुधासकट उडाला.

काचेची पेटी रिकामी! नाडी गायब! नाडी म्हणजे आत्याने पाळलेली सापीण; नारिंगी, बिनविषारी आणि अगदी गरीब स्वभावाची. आत्या कामासाठी परगावी गेली होती. "तुझ्या भरवशावर सोडतेय हं!" असं दहादा बजावून सुट्टीभर तिने नाडीला शिट्टीच्या ताब्यात दिलं होतं. त्या भरवशाची आता पार वाट लागली होती.

"इस्त्री मी काल रात्रीच घेतली. शर्ट चुरगळला होता," बाबा आतून म्हणाले. "ती झाकणावरचं वजन आहे, हे मला काय स्वप्न पडलं होतं?"

"बाबा!"

"मिळेल गं इथेच. आत्याला उगाच कळवू नकोस," म्हणत बाबा कामावर सटकलेही. मोठ्या माणसांचं हे असंच असतं!

गाद्या उलटल्या, कपाटं सरकवली, बूट झटकले. नाडीचा पत्ता नाही. मग प्राध्यापकाने घसा खाकरला. हा त्यांचा मावसभाऊ. साधं पाणी मागतानाही व्याख्यान देई, म्हणून हे नाव.

"तिचे डोळे कालपासून दुधाळ झालेत. म्हणजे ती लवकरच कात टाकणार. अशा वेळी सापाला ऊब आणि ओल हवी असते. आता आपण विचार करू, की..."

"मुद्द्यावर ये!" शिट्टी खेकसली.

मुद्दा लिंबूलाच सापडला. मोरीतला गरम पाण्याचा पाइप जमिनीत शिरत होता आणि त्याच्याभोवती चांगली मोठी फट होती!

"खाली काय आहे?"

"बेकरी!" तिघेही एकदम ओरडले आणि जिन्यावरून धडधडत उतरले.

बेकरीचं शटर अर्धं खाली होतं. 'ओव्हन बिघडल्याने बंद' अशी पाटी लटकत होती. शटरपुढे बेकरीवाले काका झाडू घट्ट धरून उभे होते आणि घामाने निथळत होते. समोर इमारतीचे मॅनेजर आणि पाठीवर टाकी घेतलेला फवारणीवाला.

"उंदीर झालेत आत. विषारी धूर सोडायचाय," मॅनेजर म्हणाले. "पोरांनो, लांब व्हा!"

"त्याने फक्त उंदीर मरतात ना?" शिट्टीने कसंबसं विचारलं.

"श्वास घेणारं काहीही मरतं," फवारणीवाला म्हणाला.

नाडी आत असली तर?

"गप्पा कसल्या मारताय? सोडा ना धूर!" बेकरीवाले काका घाईने म्हणाले.

त्या घाईनेच शिट्टीला शंका आली. लिंबू कानाशी कुजबुजला, "ओव्हन बिघडलाय म्हणे, पण आतून केवढी धग येतेय बघ!" प्राध्यापकाने वाकून शटरखालून पाहिलं. पावाचं पीठ फुगवायच्या खोलीचं दार बंद होतं आणि फटीतून पीठ बाहेर लोळत होतं! म्हणजे सकाळपासून ते दार कुणी उघडलंच नव्हतं.

काहीतरी नक्की लपवतायत हे! पण थेट विचारलं तर कबूल थोडेच करणार? शिट्टीने चेहरा अगदी भाबडा केला.

"काका, उंदीर खूप मोठा होता का हो?"

"मोठा म्हणजे काय! हा एवढा लांब!" काकांनी दोन्ही हात पसरले.

"बाप रे! काळा होता?"

"छे छे, नारिंगी!"

"आणि पाय?"

"पाय कुठले आलेत त्याला! पाय असते तर मी कशाला एवढा..." काकांची जीभ जागीच थिजली.

"बिनपायांचा नारिंगी उंदीर?" मॅनेजरांनी डोळे वटारले. फवारणीवाल्याने टाकी खाली ठेवली.

काका दारातल्या पिठाच्या पोत्यावर मटकन बसले. "बेकरीत साप निघाला म्हटल्यावर कोण येणार हो पाव घ्यायला? म्हणून म्हटलं, कुणाला कळायच्या आत..."

"ती आमची नाडी आहे! काहीच करत नाही ती!" शिट्टी ओरडली. तशीच ती शटरखालून आत शिरली.

फुगलेल्या पिठाला रेटून तिने दार उघडलं. वरच्या फळीवर ओल्या फडक्याखाली नाडी वेटोळं घालून बसली होती. कात टाकायच्या वेळी सापाला नीट दिसत नाही, घाबरून तो चावूही शकतो. "नाडे, मी आहे गं," म्हणत तिने फडक्यासकट तिला अलगद उचललं. नाडी हूं की चूं न करता तिच्या मनगटाला बिलगली.

"शाब्बास गं पोरी!" मॅनेजर म्हणाले. "आमच्या हातून केवढं पाप झालं असतं!"

बाबा घरी आले, तोवर नाडी पेटीत होती आणि झाकणावर इस्त्रीही.

"सापडली ना? मग आता आत्याला कशाला सांगायचं?" बाबा म्हणाले.

"बाबा, बेकरीवाले काकाही हेच म्हणत होते. कुणाला कळायला नको म्हणून. त्यात नाडी मेली असती."

बाबांनी स्वतःच फोन लावला. "ताई, चूक माझी आहे. बाकीचं हिच्याकडून ऐक," म्हणत त्यांनी फोन शिट्टीच्या हातात दिला.

शिट्टीने सगळं सांगितलं, एका दमात.

"आत्या, रागावलीस?"

"रागावले होते," आत्या म्हणाली. "पण तू लपवलं नाहीस. पुढच्या सुट्टीत नाडी तुझ्याकडेच राहील."

दिवसभर वाघीण झालेल्या शिट्टीला तेव्हा कुठे रडू फुटलं.