खिडकीबाहेरचा रंगारी

सुईबाईने बादलीभर साबणाचं पाणी गोल खिडकीतून बाहेर भिरकावलं आणि खालून एक माणूस ओरडला.

तेवीस वर्षांची होती, तरी जहाजावर तिला सगळे सुईबाईच म्हणत. हातात कायम सुई असायची आणि जिभेलाही टोक होतं. त्या भल्यामोठ्या प्रवासी जहाजाच्या मागच्या टोकाला कपड्यांची खोली होती. तिथे बसून ती चादरी, अभ्रे, टॉवेल सांभाळायची आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात जहाजाचं नाव भरायची. दोन वर्षं तिने ‘चांदणी’ भरलं होतं. त्या सकाळी हुकूम आला की जहाज विकलं गेलंय, नाव आता ‘राजहंस’, तेव्हा जुनं नाव सगळं उसवा. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाणी मोरीत ओतायचं असतं हे तिलाही ठाऊक होतं.

तिने डोकं बाहेर काढलं. खाली दोन दोरांना बांधलेल्या फळीवर एक तरुण रंगारी निथळत बसला होता. त्याने नुकतंच रंगवलेलं नाव निळ्या ओघळांनी खाली चाललं होतं.

“रंग ओला होता,” तो म्हणाला.

“मग मी काय करू? सांगून लटकायचं.”

“बघून फेकायचं.”

“माझी दोन वर्षांची मेहनत तुमच्या त्या चार अक्षरांनी मातीत घातली, ते कोणी बघितलं?”

“नाव मी ठेवत नाही हो, मी फक्त रंगवतो.” एक डोळा मिटून तो वर बघत होता. “आणि डोळ्यात साबण गेलाय... टॉवेल मिळेल?”

तिने टॉवेल त्याच्या तोंडावर फेकला. “परत हवाय. त्याचंही नाव उसवायचंय.”

तीन दिवस तो तिथे लटकत होता. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, “तुमचा दोरा कुठला निळा?” तिने दोऱ्याचा तुकडा खाली सोडला. त्याने त्या रंगाबरहुकूम आपला रंग कालवला, एका काडीला फासला आणि काडी वर दिली. “जुळतंय?” — “जरा काळपट आहे.” — “तुमच्या तोंडून ‘छान’ कधी निघतं?” — “छान असलं की.” तो हसला की फळी हलायची, आणि ती उगाचच दोर घट्ट आहेत ना ते बघायची.

चौथ्या दिवशी दोर नव्हते, फळी नव्हती आणि टॉवेलही नव्हता. धुलाईघर सांभाळणाऱ्या मावशींनी मोजणी केली, तर एक कमी भरला.

“टॉवेल गेला आणि तोही गेला,” मावशी म्हणाल्या. “तुला राग नेमका कशाचा आलाय?”

“टॉवेलचा,” सुईबाई म्हणाली.

‘राजहंस’ पाच वर्षं चालला. संध्याकाळी सहाला या धक्क्यावर, सकाळी सातला पलीकडच्या. पोटात मोटारी, वर सहाशे प्रवासी, नाचाच्या दालनात बँड, आणि समुद्र खवळला की सगळ्या चादरी एकदम धुवायला. मग जहाज पुन्हा विकलं गेलं. नवा मालक, नवं नाव ‘नवी लाट’, आणि आता फक्त दिवसाच्या सहली. निम्म्या खोल्या बंद होणार, माणसं कमी होणार. ते ऐकून धुलाईघरात मुसमुस चालू झाली. सुईबाईला मात्र आधी आठवले ते खिडकीबाहेरचे दोर, आणि मग तिला स्वतःचाच असा संताप आला की उसवणीची कात्री बोटात घुसली.

तिसऱ्या दिवशी दोर करकरले. खिडकीत तोच चेहरा, थोडा रापलेला.

“ओळखलंत?”

“टॉवेलचोर.”

“आणायचा राहिला...”

“पाच वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरलीत. दोन ओळींचं पत्र टाकता आलं नाही?”

“कुठल्या पत्त्यावर? जहाज काय एका जागी असतं का?”

“रोज संध्याकाळी सहाला याच धक्क्यावर असतं. शेंबड्या पोराला माहीत आहे ते.”

तो ब्रशचे केस बोटाने सरळ करत राहिला. तिला वाटलं, आता बोलेल. आता... “पुढच्या वेळी आलो की नक्की बोलेन,” तो म्हणाला.

“पुढच्या वेळी म्हणजे जहाज पुन्हा विकलं जाईल तेव्हा? तुम्हाला माझी आठवण यायला मालकाचं दिवाळं निघावं लागतं?” तिने खिडकी धाडकन लावून घेतली. उरलेले दोन दिवस उघडली नाही, आणि ‘नवी लाट’ काळ्या दोऱ्याने भरली.

ती लाट चार वर्षांत ओसरली. जहाज तोडायला देणार असल्याचा कागद जिन्यापाशी लागला. त्यावर जहाजाची सगळी सेवा एका पानात मांडली होती: कुठे बांधलं, किती फेऱ्या, किती प्रवासी, नाव कधी कधी बदललं. नाव बदलल्याच्या दोन तारखा सुईबाईने पुन्हा पुन्हा वाचल्या. तिच्या सगळ्या प्रेमाचा हिशेब तेवढाच होता. तिसऱ्या तारखेला जहाजच उरणार नव्हतं. उद्या ते ओढून नेणार, आणि ती ताईच्या घरी दिवाणखान्यातल्या खाटेवर जाऊन पडणार. तिने तो कागद टरकावला आणि चुरगळून खिशात घातला.

दुपारी ती शेवटचे गठ्ठे बांधत होती, तेव्हा बाहेर दोर करकरले. शेजारची पाण्याची बादली उचलून तिने खिडकी उघडली. रंगारी फळीवर बसून ‘नवी लाट’वर काळा रंग फासत होता.

“आता कुठलं नाव?” तिने विचारलं.

“कुठलंच नाही. पुसतोय.”

“पुसायला रंगारी कशाला? कुठलाही खलाशी फासेल दहा मिनिटांत.”

“तेच मुकादम म्हणाला. कोणी बोलावलंच नाही मला. मीच हातापाया पडून...” त्याने ब्रश डब्यात बुडवला. “दर शनिवारी धक्क्यावर यायचो. जहाज लागताना बघायचो. एकदा तुम्ही वरून चादरी झटकत होतात.”

“आणि हाक मारली नाहीत?”

“वर यायला तिकीट लागतं.”

“खालून हाक मारायला लागत नाही.” तिने बादली खिडकीच्या कडेवर आपटली. “नऊ वर्षं मी तुझी वाट बघितली, गाढवा. जहाज विकलं जावं म्हणून देव पाण्यात घातले. लोकांच्या नोकऱ्या जात होत्या आणि मी मनात हसत होते. लाज वाटते मला त्याची.”

“दोराला लटकलं की जरा तरी बोलता येतं मला,” तो हळूच म्हणाला. “जमिनीला पाय टेकले की जीभ टाळ्याला चिकटते.”

“मग उतर तिथून. जिना आहे जहाजाला. जिन्याने ये.”

खिडकीतून तो दिसेनासा झाला. बराच वेळ काही आवाज नाही. गेला, तिने मनाशी म्हटलं, आणि बादली घेऊनच गठ्ठ्यांकडे वळली. मग लोखंडी जिन्यावर पावलं वाजली. दारात तो उभा राहिला, कोपरापर्यंत काळा, आणि त्याने झोळीतून धुऊन घडी केलेला टॉवेल काढून पुढे धरला. कोपऱ्यात निळं ‘चांदणी’ तसंच होतं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून ती आणखीच चिडली.

“टॉवेल नको. बोल.”

त्याने ओठ हलवले, पण आवाज फुटेना. तिने बादली वर उचलली.

“लग्न कर माझ्याशी,” तो म्हणाला.

“एवढंच ना? एवढ्याला नऊ वर्षं?” बादली खाली ठेवताना निम्मं पाणी त्याच्या पायांवर सांडलं. “करते. पण राग गेलेला नाही, सांगून ठेवते.” तिने सगळ्यात जड गठ्ठा त्याच्या काळ्या हातांत दिला आणि टॉवेल स्वतःच्या खांद्यावर टाकला. “चल. आणि त्या फळीकडे बघू नकोस. पुढच्या जिन्याने उतरायचं, सगळ्यांच्या देखत.”