भिजवलेली जागा

मे महिना, सन २००२. वाटूरला रात्री नऊ वाजता लाइट गेली. अंगणात बाजा टाकलेल्या होत्या. सुट्टीला घरी आलेला वसंता हॉस्टेलच्या उकाड्याचं रडगाणं गात होता आणि त्याची बहीण बेबीनंदा त्याला चिडवत होती.

"मंग काय, सरकारनं कूलर बसवून द्यावा का साहेबांला?"

"तू ऱ्हाऊन दाखव एक रात्र. भाजून निघशील."

त्यांचे चुलते धर्मराज तात्या कंदिलाची वात बारीक करत होते. त्यांनी विचारलं, "गच्चीवर पाणी मारून झोपत असताल?"

"दुसरं काय करावं तात्या?"

"मारा. पण रिकाम्या जागेवर मारू नका." तात्यांनी कंदील खाली ठेवला. "आमच्या घनसावंगीच्या शाळंतले, माझ्यासंगं नोकरीला असलेले मच्छिंद्र सर. तुम्ही पाह्यलंय त्यांला. त्यांच्यावर गुदरलेली गोष्ट हाय. त्यांनी मला एकदाच सांगितली. पुन्हा विचारली तर उठून गेले."

मग तात्या सांगू लागले.

रविवार, २२ मे १९८८. संध्याकाळी सात वाजता मच्छिंद्र दोन बादल्या घेऊन खाली हौदावर गेला. जालन्यातल्या एका कॉलेजचं ते वसतिगृह. परीक्षा संपून पोरं गावी पांगली होती, मेस बंद होती. वरच्या मजल्यावर मच्छिंद्र एकटाच उरला होता. त्याच्या खोलीतला पंखा मार्चमध्येच बंद पडलेला. रात्री बारा वाजतासुद्धा भिंतीला पाठ टेकवत नसे.

त्याचा केमिस्ट्रीचा एक पेपर मागच्या वर्षीपासून राहिला होता. तो सोमवारी सकाळी आठला होता. घनसावंगीच्या शाळेत जूनपासून त्याची नोकरी ठरली होती, पण पास झाला तरच. त्याचे मामा रखमाजी यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "ह्या बारीला नापास झालास तर संस्थावाले दुसरा पाहतेत. मंग मला तोंड दाखवू नको."

त्या गच्चीचा एक कायदा होता. दिवस बुडाला की ज्यानं त्यानं आपल्या झोपण्यापुरत्या जागेवर पाणी मारायचं. ज्याचं पाणी त्याची जागा, मग तिथं दुसऱ्यानं अंग टाकायचं नाही. आणि कुणा दुसऱ्यासाठी जागा भिजवली, तर कठड्याशी उभं राहून त्याला नावानं हाक मारायची.

त्या दिवशी मच्छिंद्रनं चार बादल्या नेल्या. दोन त्याच्या, दोन संपतच्या. संपत मंठ्याचा. त्याचाही तोच पेपर होता. नऊच्या गाडीनं येतो, जागा भिजवून ठेव, असं त्याचं कार्ड आलं होतं.

हौदापाशी चौकीदार पाशामियाँ बसले होते.

"चार बाल्टी किसके वास्ते?"

"संपत येऊन राह्यलाय, चाचा."

"आया क्या उने?"

"नऊला येतो."

"तो आने दे ना. आया की मार पानी. खाली जगह नक्को भिगो बेटा."

"काय होतंय त्यानं?"

पाशामियाँनी नुसती बादली पुढं सरकवली.

वर जाऊन मच्छिंद्रनं दोन्ही जागा भिजवल्या. उजवीकडं त्याची, तिच्या डाव्या अंगाला संपतची. स्लॅब चर्र वाजला, वाफ निघाली. त्याच्या डोक्यात पेपर होता, हातात वही होती. कठड्याशी जाऊन, वहीतून नजर न काढता, तो ओरडला,

"ये रे! जागा झाली!"

एवढंच. नाव घेतलं नाही.

नऊ वाजून गेले, पण संपत आला नाही. पावणेअकराला लाइट गेली. मच्छिंद्रनं कंदिलाच्या उजेडात तासभर वाचलं. हॉल तिकीट सकाळी शोधायला नको म्हणून उशीखाली ठेवलं, डाव्या कडेला. कुत्री वर येत म्हणून जिन्याच्या दाराला गच्चीकडून कडी घातली. मग उशाशी ठेवलेल्या बादलीतल्या उरलेल्या पाण्यात चादर भिजवून, ती पांघरून तो आडवा झाला.

साडेबारानंतर सप्तमीचा चंद्र मावळला.

शेजारी ओल्या जागेवर कुणीतरी अंग टाकलं.

मच्छिंद्र अर्धवट झोपेत होता. "आलास का रे? गाडी बंद पडल्ती का?"

त्यानं झोपेतच पुढं म्हटलं, "तांब्या उशाला हाय. पाणी पी."

पाणी पिण्याचा आवाज आला. घटाघट. पुष्कळ वेळ. तांब्या रिकामा होऊन गेला असेल, तरी आवाज चालूच होता...

"अरे, हळू."

आवाज थांबला.

"अजून," कुणीतरी म्हणालं.

घसा बसलेल्या माणसासारखा आवाज. संपतला प्रवासात धूळ लागली असेल. मच्छिंद्रनं डोळे न उघडता उशाची बादली तिकडं ढकलली. पाणी ओतल्याचा आवाज झाला नाही. चर्र वाजलं. तापल्या तव्यावर वाजतं तसं.

"अजून."

"संपलं बाबा. झोप आता. सकाळी पेपर हाय."

आणि मग त्याला कडी आठवली.

दाराला कडी होती. त्यानंच घातली होती. आतून, म्हणजे गच्चीकडून. मग संपत वर आला कुठून?

मच्छिंद्र निपचित पडून राहिला. डाव्या बाजूनं झळ येत होती. वारं नव्हतं, तरी येत होती. त्यानं बोटभर हात सरकवला. सात वाजता दोन बादल्या पाणी प्यालेला स्लॅब कोरडा ठणठणीत होता. आणि भाजत होता.

अंगावरची चादर हलली. हळूहळू डावीकडं जाऊ लागली. ओढल्यासारखी नाही... शोषल्यासारखी. त्याच्या हाताला चादरीचा काठ लागला. तो कडक झाला होता. वाळला होता.

"अजून..."

मच्छिंद्र उजवीकडं लोळला. उठला. धावला. कडीला हात घातला, काढली, दार उघडलं. दोन पायऱ्या उतरला.

आणि थांबला.

हॉल तिकीट.

उशीखाली. डाव्या कडेला.

जिन्यात काळोख होता. खाली पाशामियाँ. त्यांना हाक मारावी? पण म्हातारा वर चढेपर्यंत तिकीट तिथं राहील का? सकाळी हॉल तिकिटाशिवाय कुणी आत बसू देणार नव्हतं. मामांचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढं आला. घनसावंगीची शाळा आली.

तो माघारी वळला.

उशी उचलावी म्हणाला, तर ती जड. तिच्यावर कुणीतरी डोकं टेकलं होतं. आता एकच मार्ग. खाली बसायचं. आडवं व्हायचं. आपल्याच जागेवर. डावा हात उशीखाली घालायचा.

तो आडवा झाला.

हात आत गेला. कापूस. चटईचा काठ. कागद...

त्याच्या खांद्यापाशी श्वास जाणवला. कोरडा. गरम. कानापासून पायापर्यंत कुणीतरी त्याला चिकटून आलं.

"तू... भिजलेला हाय," ते म्हणालं.

पुढचं मच्छिंद्र सरांनी तात्यांना सांगितलं नाही.

पहाटे पाचला पाशामियाँना तो हौदाच्या काठाला सापडला. अंग तापलेलं, ओठ फुटलेले, मुठीत हॉल तिकीट. पाशामियाँनी त्याच्या डोक्यावर पाणी घातलं, लिंबू पिळून पाजलं आणि एकच प्रश्न विचारला, "नाम लिये थे क्या?" त्यानं नाही म्हणून मान हलवली. म्हाताऱ्यानं दोन्ही कानांना हात लावले. सात वाजता संपत आला. त्याची गाडी रात्री रस्त्यात बंद पडली होती. दोघांनी जाऊन पेपर दिला. मच्छिंद्र पास झाला. नोकरी मिळाली, लग्न झालं, सगळं रीतसर झालं.

तात्या थांबले. वसंता उठून बसला होता.

"मंग? भिऊन पळाला, एवढंच ना? उन्हाचा झटका असंल."

"असंल," तात्या म्हणाले. "डॉक्टरबी तेच म्हणले. औरंगाबादच्या मोठ्या डॉक्टरांलाबी दाखवलं."

"काय दाखवलं?" बेबीनंदानं विचारलं.

तात्यांनी कंदील आणखी बारीक केला.

"ह्याच महिन्यात शाळंच्या पटांगणात झेंडावंदनाला उभे होते सर. एक मेला. पांढरा सदरा. भर ऊन. सगळे घामानं निथळून राह्यले होते. मी त्यांच्या मागं उभा होतो. सदरा उजव्या अंगानं पार भिजलेला, पाठीला चिकटलेला. मधोमध कणा. तिथं सुतानं आखल्यासारखी रेघ. आणि त्या रेघेच्या डाव्या बाजूला... चौदा वर्षं झाली पोरांनो... एक थेंब न्हाई."