रेवाच्या रक्तातलं गाव

रेवाला ताप नव्हता, खोकला नव्हता, आणि भूक अशी लागली होती की चंद्रावरची बेचव खिचडीही तिने चाटूनपुसून खाल्ली. तरी तपास्या तिला काचेच्या खोलीतून बाहेर सोडेना.

तपास्या म्हणजे चंद्रवसाहतीच्या दारातला यंत्रमानव. आलेल्या प्रत्येकाचं रक्त तपासायचं हे त्याचं काम, आणि कामात तो भलताच हट्टी.

"तुझ्या रक्तात प्रतिपिंडे (जंतूंना ओळखून चिकटणारी प्रथिने) सामान्यपेक्षा फार जास्त आहेत," तो म्हणाला. "जंतू एकही सापडला नाही. म्हणजे आजार लपलेला असणार. कारण कळलं नाही, तर उद्याच्या यानाने तुला पृथ्वीवर परत जावं लागेल."

काचेपलीकडे आई उभी होती, कुशीत नुकतं जन्मलेलं बाळ. आई कामासाठी चंद्रावर आल्यापासून रेवा भामरागडला मावशीकडे वाढली होती. भावाला एकदा मांडीवर घ्यायचं, एवढ्यासाठी तिने अंतराळातल्या सगळ्या उलट्या सोसल्या होत्या. आता तिचे डोळे भरून आले.

"मी बिमार नाई, आबाजी. मले परत नको पाठवा."

आबाजी म्हणजे आईचे वडील, वसाहतीतले रक्तशास्त्रज्ञ. त्यांनी काचेवर हात टेकला. "रडू नको, पोरी. आपण त्यालेच इचारू. तपास्या, हे तुह्यं 'सामान्य' कोणाचं?"

"मला शिकवताना ज्यांचं रक्त दाखवलं, त्यांचं."

"ते राहत कुठं?"

"थंड देशांत."

"आता कसं," आबाजी हसले. "रेवा, तुह्या गावात डास किती?"

"लय. मले दोनदा हिवताप झाला. जंतही झाले होते, मावशीनं कडू गोळी दिली."

"उष्ण कटिबंधात (पृथ्वीच्या मधल्या गरम पट्ट्यात) असंच असते. जंतू वर्षभर येत-जात राहतात. ज्या घरी रोज पाहुणे, त्या घरी ताटं जास्त लागतात ना? तसं तुह्या शरीरानं प्रतिपिंडं जास्त बनवून ठेवली. ही बिमारी नाई, आणि मोठेपणाही नाई. जिथं राहिली, तिथली गरज."

तपास्याचे दिवे लुकलुकले. "पटण्यासारखं आहे. पण कदाचित तिच्या घराण्याचंच रक्त तसं असेल. पुरावा हवा."

मग आईच म्हणाली, "मी गावाहून नवीन आली तेव्हाचं माह्यं रक्त थंड कपाटात असेल. तेव्हा तू नव्हतास, तपास्या. ते तपास, आणि आजचंही घे."

तिने बाळाला आबाजींकडे दिलं आणि बोट पुढे केलं. यंत्र घरघरलं. जुन्या रक्तात प्रतिपिंडे रेवाइतकीच भरपूर निघाली. आजच्या रक्तात मात्र पुष्कळ कमी, वसाहतीतल्या बाकीच्यांसारखी.

"बाई तीच," तपास्या सावकाश म्हणाला. "फक्त जागा बदलली. इथे डास नाहीत, जंत नाहीत, म्हणून प्रतिपिंडे घटली. माझं माप अपुरं होतं, रेवा. मला माफ कर. यापुढे रक्ताचं माप लावण्याआधी माणूस कुठे राहिला, ते विचारीन."

काचेचं दार सरकलं. पण रेवा उंबऱ्यातच थांबली.

"आबाजी, मग माह्यी पण कमी होतील? माह्यं रक्त गाव विसरून जाईल?"

आबाजी तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. "ताटं कमी होतात, पण पाहुण्यांचे चेहरे बरेच दिवस ध्यानात राहतात. तसं काम करणाऱ्या स्मृतिपेशी (आधी आलेला जंतू लक्षात ठेवणाऱ्या पेशी) आपल्यात असतात. त्याही कधी कधी विसरतात. म्हणून गावी जाताना औषध, लस, मच्छरदाणी घेऊनच जायचं."

आईने आबाजींकडून बाळ घेतलं, रेवाला खाली बसवलं आणि ते तिच्या मांडीवर ठेवलं. चंद्रावर ते इतकं हलकं लागत होतं की रेवाला धाकधूक वाटली.

"याच्या रक्तात भामरागड नाईच का, आई?"

"नाई, बाळा. जन्माआधी माह्याकडून याले प्रतिपिंडं मिळाली, पण ती इथल्या माह्या रक्तातली. गाव यानं पाहिलंच कुठं?"

बाळाने रेवाचं बोट घट्ट धरलं. ती खाली वाकली आणि त्याच्या कानात नदीचं नाव सांगितलं, मग मावशीचं, मग शाळेमागच्या मोहाच्या झाडाचं. त्याला काही कळलं नसेल. ती मात्र सांगत राहिली.