बागेच्या तारेला जोडलेला अँटेना

ही घटना शंभर टक्के खरी आहे. खोटी असती तर मी ती अमावास्येच्या रात्रीची आणि जरा बऱ्या जागेवरची रचली असती.

ही भर दुपारी घडली. एप्रिल १९९७. तासगावजवळ, माझ्या मामांच्या बेदाण्याच्या शेडवर. आणि माझ्याच बाबतीत.

बेदाण्याला रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात. त्यासाठी लालासाहेबमामांनी वेगळी खोली बांधली होती. जाड भिंती. लोखंडी दार. खिडकी नाही. धूर फटीतून जाऊ नये म्हणून दाराच्या कडेनं रबर.

आतून कडी नव्हती. बेदाणा थोडाच बाहेर यायला बघतो!

अडचण एकच. दार उघडणाऱ्याच्या तोंडावर सगळा धूर यायचा. म्हणून मामेभाऊ वीरधवलनं दाराला विजेवरची कडी आणि रिमोट बसवला. बटण दाबलं की खट्... कडी लागायची. परत दाबलं की खट्... निघायची.

पण रिमोटची लहर पकडणारी डबी होती आत. दार लागलं की बाहेरून रिमोट चालायचाच नाही. आत जाऊन डबीपासून हातभर अंतरावर धरला, तरच चालायचा.

मामा म्हणाले, "म्हंजे दार उघडायला आदी आत जायाचं? लय भारी हाय रं तुजं सायन्स!"

वीरधवलला ते लागलं. त्यानं डबीची वायर भिंतीतून बाहेर काढली आणि थेट द्राक्षाच्या मांडवाच्या तारेला बांधली. सगळी बाग म्हणजे एक अँटेना.

"आता विहिरीपासनं उघडतो का न्हाई बघ, सौम्या!" तो मला म्हणाला.

डबीवरचा लाल दिवा पेटतो का, हे बघायला आत एक माणूस हवा होता. मी पाहुणा होतो. पाहुण्याचा मान म्हणून मला आत उभं केलं.

खट्...

दार लागलं. अंधार. नाकात जुन्या गंधकाचा वास.

मी वाट बघितली.

खट्... दिवा पेटला. कडी निघाली! मी दार ढकलायला गेलो...

खट्... परत लागली.

"वीरधवल, एकदाच दाब की!" मी ओरडलो.

खट्. खट्. प्रत्येक वेळी मी ढकलायच्या आत.

थोड्या वेळानं बाहेर पळत आल्याचा आवाज. दारापलीकडून वीरधवल. आवाज विहिरीतून आल्यासारखा.

"सौम्या, मी दाबतच न्हाई रं! सेल काढून राहीबाईच्या हातात दिल्यात!"

राहीबाई म्हणजे बेदाणा निवडायला येणाऱ्या. त्याही ओरडल्या, "व्हय वं! माज्या मुठीत हायती!"

खट्...

"एवढी मोठी तार हाय, दुसऱ्या कुणाचा तरी रिमोट पकडत आसंल," वीरधवल म्हणाला. "तिकडं पाचगणीत एखादा सायेब गाडी उघडत आसंल बघ."

मला त्या साहेबाचा फार राग आला. शर्ट अंगाला चिकटला होता. श्वास अर्धाच येत होता. खोली हवा अडवायलाच बांधली होती आणि काम चोख झालं होतं.

"मामा... जीव गुदमरतोय," मी म्हणालो.

मामांचा आवाज बदलला. "तोड ती तार! आन् टॅक्टर आना रं!"

कटकन तार तुटली.

"तोडली बघ, सौम्या!" वीरधवल ओरडला. "आता बाहेरनं काय सुदिक पोचणार न्हाई! हातभर अंतरावरनंच चालंल!"

मी हुश्श केलं.

आणि...

खट्.

दिवा पेटला. माझ्याच शेजारी.

मी विचार करू लागलो. तो करायला नको होता.

बाहेरचं काही आत पोचत नाही. बटण दाबणारा डबीपासून हातभर अंतरावर.

डबीपासून हातभर अंतरावर मी उभा होतो.

मी दोन्ही हात काखेत घातले. चाचपून वगैरे अजिबात बघितलं नाही.

खट्.

मग साखळीचा आवाज, ट्रॅक्टरचा आवाज, आणि दार चौकटीसकट उपटून बाहेर पडलं. मी उन्हात पालथा पडलो. कुणी पाणी पाजलं, आठवत नाही.

मामा आत जाऊन आले. रिकामे ट्रे. बाकी काही नाही. उपटलेल्या दाराची कडी मात्र निघालेली होती.

"जे काय हुतं ते बी अडकलंच हुतं म्हनायचं," मामा म्हणाले. "बाहेर पडाय बघत हुतं. गेलं आता. सुटलं."

सगळ्यांना बरं वाटलं. मला नाही.

कारण दारातून आधी मी पडलो होतो. म्हणजे ते माझ्या मागून आलं.

संध्याकाळच्या एसटीनं मी सांगलीला निघालो. लग्नसराई. गाडीत पाय ठेवायला जागा नाही. लोक टपाच्या दांडीला लोंबकळत उभे.

माझ्या शेजारची सीट रिकामी होती.

सांगली येईपर्यंत तिथे कुणीच बसलं नाही.

मीही कुणाला बसा म्हणालो नाही.