दोरी बांधलेले पाळणे

ही थाप वाटत असेल, तर गोंदियाजवळच्या कुडव्याला जाऊन बकारामला विचारा. तो अजून तिथंच राहतो. आकाशपाळण्याला मात्र हात लावत नाही.

दोन हजार बावीसचा गुढीपाडवा. त्या दिवशी कोरोनाचे सगळे निर्बंध उठले.

कुडव्याच्या पुढं असलेल्या पार्कचा मालक हेमेंद्र सकाळपासून खुशीत होता. आकाशपाळण्यातला एक पाळणा भरायचा, पुढच्याला दोरी बांधून तो रिकामा ठेवायचा, ही कटकट संपली होती.

"सगळ्या दोऱ्या काढ," तो बकारामला म्हणाला.

पाळणा बकारामच चालवायचा. तो जागचा हलला नाही.

"एक तरी राहू द्या जी. दोरीवाले पाळणे रिकामे नाही राहत. मोटरवर वजन येते."

"काऊन? कोण बसते त्यात?"

"दुधराम."

हेमेंद्रनं बकारामकडे पाठ फिरवली.

दुधराम पार्कचा चौकीदार. पहिल्या लॉकडाऊनमध्ये त्याला ताप भरला. आपल्याला लागण होईल या भीतीनं हेमेंद्रनं फाटकाला बाहेरून कुलूप ठोकलं. दुधराम आतून पत्रा बडवत राहिला.

"खोला जी... मी मरून राहिलो."

हेमेंद्रनं ते ऐकलं आणि गाडी वळवली.

गावात सांगितलं, बिचारा झोपेतच गेला. मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे पुष्कळ असतात. पण जित्या माणसाला कोंडून त्याच्याच तेराव्याला जेवायला वेगळंच काळीज लागतं.

तरीही हेमेंद्रनं दोऱ्या काढायलाच लावल्या.

संध्याकाळी पहिली फेरी. सगळे पाळणे भरले. हेमेंद्रची मुलगी चंचल हट्टानं एकटीच एका पाळण्यात बसली.

चाक फिरलं... आणि थांबलं.

चंचलचा पाळणा अगदी वर.

बकारामनं दांडा ओढला. मोटर नुसतीच घुमली.

मग वरून आवाज आला...

ठण्... ठण्... ठण्...

कोणीतरी पत्रा बडवत होतं. हेमेंद्रनं तो आवाज ओळखला.

"पप्पा, या काकांना उतरवा ना," वरून चंचल रडत म्हणाली. "माझ्या तोंडावर खोकून राहिले."

खालून बघणाऱ्यांना तिच्या शेजारी कोणीच दिसत नव्हतं.

हेमेंद्रनं सगळ्यांसमोर हात जोडले. "दुधराम, माह्या पोरीले सोड. मले ने."



मग चाक आपसूक फिरलं. चंचल खाली आली. तिचं कपाळ तव्यासारखं तापलं होतं.

गोंदियाचे डॉक्टर झाले, नागपूरचे झाले. कुठल्याच तपासणीत काही निघालं नाही.

दिवसभर पोरगी बरी असते. दिवेलागणीला ताप चढतो... आणि तिच्या खोलीचं दार आपोआप लागतं. सुताराकडून कडी काढून घेतली, तरी लागतं.

आजही हेमेंद्र बाहेरून दार बडवत असतो.

आतून चंचल हळूच म्हणते, "मी उघडून राहिली, पप्पा... पण काका हात धरतात."