भिंतीवरची आई

दारातून आत पाऊल टाकताच विनोदिनीची नजर भिंतीवर गेली आणि हातातली पिशवी गळून पडली... बाबांच्या फोटोशेजारी आईचा फोटो होता, आणि त्याला चंदनाचा हार घातला होता!

"आई!" ती किंचाळली. आई गेली आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही? एवढी का मी परकी झाले?

"काऊन वरडून राह्यली?"

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, रेणुकाबाई. हाताला ज्वारीचं पीठ... जिवंत!

हा आवाज ऐकून विनोदिनीला वर्षं लोटली होती. बाबा अचानक गेले तेव्हा धाकटा भाऊ चिराग अकरावीत होता. त्याचं शिक्षण थांबू नये म्हणून मुंबईत मिळेल ती भूमिका तिने पत्करली. मिळाली ती नायिकेच्या मृत आईची, तीही ऐन तिशीत! "तुमच्या चेहऱ्यावर गेलेल्या माणसाची शांतता आहे," दिग्दर्शक म्हणाला होता, आणि तो शिक्का मग पुसला गेलाच नाही. मालिका बदलल्या, नायिका बदलल्या, भिंतीवरची आई मात्र तीच... कधी फ्रेममधून आशीर्वाद देणारी, कधी धुरातून पांढऱ्या साडीत येणारी. पुढे पुढे आरशासमोर उभी राहिली की तिचा हात नकळत गळ्याशी जाई, हार आहे की काय ते चाचपायला!

तिचा हार घातलेला फोटो पहिल्यांदा टीव्हीवर दिसला, त्या दिवसापासून आईने फोनवर येणं सोडलं. आईला आपली लाज वाटते, असं समजून विनोदिनीनेही माहेरी, बेल्याला येणं सोडलं. आज आली ती चिरागने हट्टाने बोलावलं म्हणून.

"एवढी लाज वाटली माझी तुला?" तिने विचारलं.

रेणुकाबाई हाताचं पीठ पुसू लागल्या.

"सांग ना आता!" आतून चिराग आला. "ताई, मागं नवा गॅसवाला फोटोले हात जोडून उभा राह्यला, अन् हिनंच त्याले चहा आणून देल्ला. सिलिंडर टाकून पळाला तो!"

कुणीच हसलं नाही.

"जित्या पोरीच्या फोटोले हार पाह्यला मी," रेणुकाबाई हळूच म्हणाल्या. "हाराच्या मागं मरण घर हुडकत येते, असं माझी सासू म्हणे. मंग म्हटलं, त्याले न्यायचंच असन तं म्हातारीले ने... माझा फोटो त्याले आधी दिसन."

"पण बोलायचंस तरी!"

"मेलेलं माणूस फोनवर बोलते काय वं? बोलली असती तं त्याले समजलं असतं, हे सोंग हाय म्हून!"

पडद्यावर विनोदिनी पोटासाठी मेली होती. इथे आई तिच्यासाठी रोज मरत होती... अबोलपणे, भाकरी थापता थापता!

तिने स्टूल ओढलं आणि आईच्या फोटोवरचा हार उतरवला.

"राहू दे!" रेणुकाबाई स्टुलाशी आल्या. "तुझा हार तं अजून टीव्हीत तसाच हाय..."

"नाही आई. आता फोटोत बसायची नाही मी. काम नाही मिळालं तरी चालेल. मला वाढ."

मालिकांमध्ये तिच्या फोटोपुढे नैवेद्याची किती ताटं मांडली गेली होती. त्यातला एक घासही तिच्या तोंडी लागला नव्हता. रेणुकाबाईंनी गरम भाकरीचा तुकडा वरणात बुडवला, तिला भरवला, आणि बोटं तिच्या गळ्यावर टेकवून तो घास खाली उतरेपर्यंत हात हलवला नाही.